मदत हवी आहे: खाणीच्या पाण्यातलं मँगनीज जाता जात नाही

खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) आहे, त्यामुळे खाणीतून उपसलेलं पाणी आम्लधर्मी, सामू (pH) ३ च्या आसपास. चुना घालून सामू ८.५ वर नेला की लोहाचा तांबूस गाळ मस्त खाली बसतो, पण मँगनीज ढिम्म हलत नाही. त्यासाठी सामू १० च्या घरात न्यावा लागतो, आणि तिथे दुसरीच गोची: आधी बसलेलं ॲल्युमिनियम पुन्हा विरघळायला लागतं. शिवाय पाणी ओढ्यात सोडण्याआधी सामू परत खाली आणायचा, तो खर्च वेगळाच.

दोन टप्प्यांत चुना घालून, मधला गाळ काढून मग सामू वाढवायचा, असं कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? की मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेल्या वाळूची गाळणी जास्त परवडते? गाळ पुन्हा टाकीत फिरवला की तो दाट होतो हे ठाऊक आहे. पण मग पाइपात जिप्समची (चुना आणि पाण्यातलं सल्फेट मिळून बनणाऱ्या क्षाराची) खपली धरते, ती कशी आवरता?

पावसाचं स्वच्छ पाणी चर खणून बाहेरच्या बाहेर वळवलंय, तेव्हा ‘आधी आवक कमी करा’ हा सल्ला कृपया नको. सल्फेटचंही नंतर बघू, नुसत्या चुन्याने ते लिटरला साधारण १,५०० मिलिग्रॅमच्या खाली उतरणं अवघडच.