उत्तर: सगळ्या घराला एकच चकचकीत रंग?

भाऊ, पुसायला सोपा म्हणून घरभर चकचकीत रंग मारायचा तुमचा विचार आहे, पण जरा थांबा. मी हीच चूक बैठकीत केली. आमच्या भिंती जुन्या, गिलावा हातानं ओढलेला. संध्याकाळी दारातून तिरपं ऊन आलं की भिंतीवरचा एकूण एक उंचवटा दिसायचा, जशी नांगरलेली वावरंच! चमक जितकी जास्त तितका प्रकाश आरशासारखा परततो आणि पुट्टीतले दोष उघडे पडतात. मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग प्रकाश विखुरतो, म्हणून ते दोष झाकले जातात. तुमची भिंत कशी आहे हे पाहायचं असेल तर रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड पाडा.

छताला मॅटच. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर बसतो, तिथं पुसता येईल असा सॅटिन (मंद चमकीचा) किंवा सेमी-ग्लॉस (त्याहून जरा जास्त चमकीचा). ओसरीत मात्र वेगळा हिशोब: म्हातारी मंडळी भिंतीला टेकून बसतात, डोक्याच्या तेलाचे गोल डाग पडतात. तिथं खालचे चार फूट सॅटिन, वर मॅट, असं आम्ही केलं. दारं, खिडक्यांचे गज यांना ग्लॉस इनॅमल, म्हणजे कडक, चकचकीत थराचा रंग. फक्त पांढरं ऑइल (तेलातलं) इनॅमल अंधाऱ्या खोलीत हळूहळू पिवळं पडतं, हे ध्यानात ठेवा.

आणि मागची खोली मातीच्या भिंतीची असेल तर तिला ऑइल पेंट लावूच नका. ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. तिला चुनाच बरा.