धडा आधी की प्रश्न आधी?

खाडीकाठ (ऐरोली):
मी सहावीला विज्ञान शिकवते. धडा समजावण्याआधी मुलांना प्रश्न पडू द्यावा आणि तो सोडवायची रीतही त्यांनाच शोधू द्यावी, असं माझं ठाम मत आहे. ठाणे खाडी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. तिवराचं पान जिभेला लावलं की खारट लागतं. हे मीठ आलं कुठून? बरीच मुलं म्हणाली, खाऱ्या वाऱ्याने. काही म्हणाली, झाडच बाहेर टाकतं. ठरवायचं कसं? एक मुलगी म्हणाली, पान धुऊन त्यावर पिशवी बांधू, तरी खारट लागलं तर मीठ वाऱ्याने आलेलं नाही! ‘तिवराच्या पानांत मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात’ हे वाक्य मी नुसतं फळ्यावर लिहिलं असतं, तर या मुलीचं डोकं कसं चालतं ते मला कळलंच नसतं.

गणिताच्या बाई, कळवा:
ताई, प्रयोग सुंदर. पण वर्गात साठ मुलं असली की काय होतं? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे 35 मुलं आहेत, ती कागदावर. बोलतात पाच-सहा जण, घरी पुस्तकं असलेले. बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघतात. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी 2006 मध्ये मांडलंय की विषयात नवख्या मुलाला फारसं मार्गदर्शन न करता सोडलं तर त्याची ताकद चाचपडण्यातच संपते. ज्याला घरी सांगणारं कुणी नाही, त्याला शाळेनेच नीट सांगायला हवं.

वाशीचा बाबा:
पटसंख्येचं कारण मला पटत नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या 16 शाळांत सुरू झाला, पुढे शेकडो सरकारी शाळांत गेला. मुलं गटागटाने प्रयोग करायची आणि परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती. दुखणं परीक्षेत आहे. बालभारतीच्या पुस्तकांत ‘करून पहा’ असतंच, पण गाईडात त्याचं उत्तर तयार मिळतं आणि मुलगा तेच घोकतो. माझाही घोकतो.

गणिताच्या बाई, कळवा:
तो कार्यक्रम 2002 मध्ये सरकारने बंद केला, हेही लिहा. त्यामागे शिक्षकांचं सततचं प्रशिक्षण होतं, साहित्याच्या पेट्या होत्या. आमच्या वाट्याला निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं.

खाडीकाठ (ऐरोली):
मुलांना वाऱ्यावर सोडा असं मी म्हटलेलंच नाही. कुठलं पान, कुठला प्रश्न, हे मीच निवडलं. ग्रंथींबद्दलही सांगितलं, फक्त नंतर. आणि हात वर करण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, म्हणजे गप्प बसणाराही विचार करतो. अपूर्णांकांनाही लावून पाहा: अर्धी भाकरी आणि पाव भाकरी मिळून किती, हे रीत सांगण्याआधी विचारा.

गणिताच्या बाई, कळवा:
अर्धा आणि पाव चित्रातून दिसतात, ते मीही विचारते. पण 3/7 आणि 5/9 आले की भाकरी उपयोगाची नाही. तिथे छेद समान करायची रीत मी आधी दाखवणार, दोन उदाहरणं फळ्यावर पूर्ण सोडवणार आणि मगच विचारणार की ही रीत का चालते.