मदत हवी आहे : माळ्यावर सापडलेला टीव्ही गेम सुरू कसा करू, आणि संग्रहाला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मिरजेचं घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा केला. पितळी घागरींच्या मागे आईने जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवलेला माझा टीव्ही गेम निघाला. १९९६ च्या दिवाळीत बाबांनी बोनसमधून घेतलेला. सोबत दोन रिमोट (आम्ही रिमोटच म्हणायचो), एक बंदूक आणि सहा पिवळ्या कॅसेटी. बाबा आता नाहीत, त्यामुळे ही वस्तू हातात घेतली तेव्हा काय वाटलं ते लिहीत बसत नाही.

तो पुन्हा चालू करायचाय, आणि खरं सांगायचं तर आता जुने गेम आणि त्यांचे रिमोट जमवायची इच्छा झालीये. यातलं मला काहीही कळत नाही. अडचणी अशा:

अ‍ॅडाप्टर हरवलाय. खाली ‘९ व्ही डीसी’ एवढंच वाचता येतं, पुढचं चिन्ह घासून गेलंय. घरात वायफायच्या राऊटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर पडून आहे, त्याची पिन बरोबर बसते. तो लावला तर चालेल का?

दुसऱ्या रिमोटचं एक बटण मेलंय असं आठवतं. बंदूक आताच्या एलईडी टीव्हीवर चालेल का? मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला बंदुकीचीच उत्सुकता जास्त.

एक मित्र म्हणाला की हा ‘डुप्लिकेट’ आहे, याला संग्रहात किंमत नाही, त्यापेक्षा जपानहून ओरिजिनल मागव. हे खरं का? माझ्याकडे साधारण पंधरा हजार रुपये बाजूला आहेत. एकदम उडवायचे नाहीत.

प्रतिसाद १

राऊटरचा अ‍ॅडाप्टर लावू नका! बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. कारणही सांगतो, कारण नवीन माणसाचं पहिलं मशीन बहुतेक वेळा याच पायरीवर जातं.

पिन बसते याचा अर्थ अ‍ॅडाप्टर जुळतो असा होत नाही. राऊटरच्या पिनेत मधे प्लस असतो आणि बाहेर मायनस. आपल्या जुन्या टीव्ही गेमपैकी बऱ्याच मशीनमध्ये नेमकं उलटं असतं, मूळ जपानी फॅमिकॉमसारखं (निन्टेंडो कंपनीचा टीव्ही गेम, आपला त्याचीच नक्कल). उलटा करंट गेला की आतला रेग्युलेटर आणि कपॅसिटर जातात, कधी चिपसुद्धा. शिवाय आतलं सगळं काम ५ व्होल्टवर चालतं. ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर वरचे व्होल्ट उष्णता करून उधळतो. ९ चे ५ करताना तो कोमट होतो, १२ चे ५ करताना हात लावू देत नाही.

चिन्ह पुसलंय तर असं करा. खालचे स्क्रू काढून झाकण उघडा. पत्र्याच्या तुकड्याला लावलेला तीन पायांचा काळा भाग दिसेल, तोच ७८०५. त्याच्या पाठीचा धातू म्हणजे ग्राउंड. मल्टिमीटर (व्होल्ट आणि जोडणी तपासायचं मीटर) बीपवर ठेवा, एक टोक त्या धातूला, दुसरं अ‍ॅडाप्टरच्या सॉकेटमधल्या मधल्या काडीला. बीप वाजला तर मधे मायनस. नाही वाजला तर लगेच मधे प्लस समजू नका, सॉकेटच्या बाहेरच्या पत्तीलाही टोक लावून खात्री करा. कुठेच वाजला नाही तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

अ‍ॅडाप्टर विकत घेतल्यावर तोही तपासा. मीटर आता डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर मधे मायनस. ही दोन मिनिटं प्रत्येक जुन्या मशीनला द्यायची, विकणारा कितीही ओळखीचा असो.

एनईएसचा (फॅमिकॉमचाच अमेरिकन अवतार) अ‍ॅडाप्टर तर डीसी नसून ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत एसीचं डीसी करायची सोय आहे, फॅमिकॉममध्ये नाही. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधे मायनस लागतो आणि दुसऱ्याला मधे प्लस. एकाच कंपनीची, एकाच नावाची मशीन ही. म्हणून माझ्याकडे प्रत्येक अ‍ॅडाप्टरला कापडी पट्टी बांधलेली आहे, त्यावर मशीनचं नाव.

प्रतिसाद ३

जपानचा विषय निघालाय म्हणून माझी चूक सांगते. चार वर्षांपूर्वी सुपर फॅमिकॉम (फॅमिकॉमनंतरचं मशीन) मागवला. पार्सल आलं त्या संध्याकाळी भाचे जमले होते. मी अ‍ॅडाप्टर थेट बोर्डात लावला. जपानची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. फट् आवाज झाला आणि जळक्या वॉर्निशचा वास दोन दिवस खोलीत होता. मशीन नशिबाने वाचलं, अ‍ॅडाप्टर कायमचा गेला. जपान किंवा अमेरिकेची वस्तू मागवणार असाल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर (व्होल्ट कमी करणारा), नाहीतर इथलाच योग्य अ‍ॅडाप्टर, आधी घरात आणून ठेवा. कस्टमचा खर्चही पंधरा हजारांच्या हिशोबात धरा.

आणि चित्र. जपानी मशीन एनटीएससी, आपले जुने टीव्ही पाल, म्हणजे चित्र पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती. जुन्या पाल टीव्हीवर एवीने जोडलं तरी चित्र काळं-पांढरं येऊ शकतं. नवीन एलईडी बहुधा दोन्ही घेतात.

प्रतिसाद ४

मला ‘डुप्लिकेट’ या शब्दाबद्दल बोलायचंय, कारण तो ऐकून लोकांनी किती वस्तू भंगारात घातल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ च्या जुलैत आला, अमेरिकेत त्याचाच अवतार एनईएस म्हणून १९८५ मध्ये. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात पोचली ती त्याची नक्कल. तुमची पिवळी कॅसेट ६० पिनांची असणार, म्हणजे फॅमिकॉमच्या मापाची. अमेरिकन कॅसेट ७२ पिनांची, ती यात जाणारही नाही.

माझ्याकडे असे तीन टीव्ही गेम आहेत. दोनांत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चाळीस-चाळीस पायांच्या दोन मोठ्या चिप आहेत, तिसऱ्यात नुसता डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. चिपवाल्यांची कारागिरी बघण्यासारखी आहे. या चिपवाल्या क्लोनपैकी (म्हणजे नकलांपैकी) काहींमध्ये ध्वनीच्या दोन लहरी एकमेकींच्या जागी गेलेल्या असतात, त्यामुळे सुरांचा पोत बदलतो. पालवाल्या क्लोनमध्ये चित्र सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा बदलतं, म्हणून खेळ आणि संगीत दोन्ही जरा संथ. मी पहिल्यांदा खऱ्या फॅमिकॉमवर काँट्रा हा गेम लावला तेव्हा मला ते घाईत पळत असल्यासारखं वाटलं. लहानपणी सांगलीच्या आतेभावाकडे जे ऐकलं होतं ते त्यातून आलं नाही. ते जुन्या क्लोनमधूनच येतं.

ओरिजिनल फॅमिकॉम जपून ठेवणारे जगभर आहेत, त्याचे सुटे भाग मिळतात, त्यावर भरपूर लिहिलंही गेलंय. आपल्याकडच्या मशीनचा खोका, पावती, मराठी दुकानदाराच्या शिक्क्याचं वॉरंटी कार्ड कोण ठेवणार? आपणच. तुमच्या वस्तूला बाजारात कमी पैसे मिळतील हे खरं, पण माझ्या कपाटात तिची जागा पहिली असती. आईंना विचारा, खोका कुठे ठेवलाय का. साडीत गुंडाळून ठेवणारी माऊली खोका सहज टाकत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

रिमोटचं राहिलं. मागचे स्क्रू काढा, पाठ वर ठेवूनच उघडा म्हणजे बटणं घरंगळणार नाहीत. रबराची पट्टी निघेल, तिच्या पोटाला काळे गोल असतात. तो काळा गोल खालच्या सर्किट बोर्डवरच्या रेषांना टेकला की बटण दाबलं गेलं, एवढंच यंत्र. कानकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून बोर्डवरच्या रेषा पुसा. काळ्या गोलांवरून हलक्या हाताने, एकदाच. पॉलिश पेपर अजिबात नको, कार्बनचा थर निघून जातो आणि बटण कायमचं जातं.

एकच बटण मेलं असेल तर दोष रबराचा किंवा रेषेचा. सगळीच मेली किंवा बटणं आपोआप दाबली जात असतील तर वायर बघा, ती रिमोटमध्ये शिरते तिथे तुटते. आत साधारण पाच वायरी असतात. सोल्डर काढण्याआधी रंगांचा फोटो काढा, कारण सगळ्या क्लोनचे रंग सारखे नसतात.

तसंच, सेगाचा नऊ पिनांचा रिमोट तुमच्या मशीनच्या सॉकेटात बसेल, पण लावू नका. आतली जोडणी वेगळी आहे.

प्रतिसाद ५

बंदूक एलईडीवर चालणार नाही, आणि दोष तुमच्या बंदुकीचा नाही. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग आहे, तो त्याच क्षणी उजेड दिसला का ते बघतो. एलईडी टीव्ही चित्र आधी साठवून मग दाखवतो, तेवढ्या उशिराने ती वेळ टळते. शिवाय बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या लुकलुकण्यावर बेतलेली असते.

मुलीसाठी चौदा इंची डबा टीव्ही शोधा. भंगारवाल्याला सांगून ठेवलं तर मिळून जातो. एकच विनंती, तो स्वतः उघडू नका. प्लग काढून ठेवला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात.

प्रतिसाद ६

पंधरा हजारांबद्दल. सगळे एका वस्तूवर घालू नका. माझा क्रम असा असता: मल्टिमीटर, बरे स्क्रूड्रायव्हर, अल्कोहोल, अ‍ॅडाप्टर. मग डबा टीव्ही. मग दुसरं मशीन म्हणून इथेच विकला गेलेला प्लेस्टेशन २. तो २००० साली जपानात आला, २०१३ च्या सुरुवातीला थांबला, जगभर पंधरा कोटींहून जास्त विकला गेला. त्यामुळे वस्तू मुबलक, आणि इथला असेल तर विजेची भानगड नाही. घेताना स्वतःची डिस्क घेऊन जा आणि दहा मिनिटं खेळूनच पैसे द्या, लेन्स दमलेली असेल तर तेवढ्यात कळतं. मेमरी कार्डवर सेव्ह करून, मशीन बंद-चालू करून बघा. रिमोटवरच्या दोन्ही काड्या गोल फिरवून बघा.

पुण्यात असाल तर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, सुट्या भागांसाठी तपकीर गल्ली. मुंबईत लॅमिंग्टन रोड. सकाळी लवकर जा.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं मशीन) कॅसेटी सध्या टाळा, नकली फार. घ्यायचीच तर तिरकी धरून लेबल बघा. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, अगदी फिकट. आणि कुठलंही सेलवर चालणारं यंत्र घ्यायच्या आधी सेलचं झाकण उघडायला लावा. आत हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर किंमत त्या हिशोबाने.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरं करायचे प्रयोग दिसतील. पहिल्या वर्षात करू नका. डाग पडतात आणि ते जात नाहीत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, पण काम करून लिहितोय.

मधल्या काडीला बीप वाजला, म्हणजे मधे मायनस. राऊटरवाला लावला असता तर काय झालं असतं या विचारानेच घाम फुटला. बाजारात ९ व्होल्टचा मधे प्लसवालाच मिळाला, इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून पिन उलटी करून घेतली, घरी येऊन मीटरवर वजा चिन्ह बघितलं आणि मगच लावला. आत दोन मोठ्या चिप आहेत! दोन्हींवर यूएमसी लिहिलंय. आईला खोक्याचं विचारलं. खोका नाही, पण पावती तिने बाबांच्या फायलीत ठेवलेली होती. ४ नोव्हेंबर १९९६. आता ती प्लास्टिकच्या पाकिटात आहे.

दुसऱ्या रिमोटचं बी बटण पुसून चालू झालं. डबा टीव्ही शेजारच्या आजींनी दिला, पैसे घेतले नाहीत. मुलीने पहिल्याच दिवशी माझ्याहून जास्त बदकं पाडली.

एकच अडलंय. सहापैकी एक कॅसेट लावली की नुसत्या उभ्या पट्ट्या येतात. लहानपणी फुंकर मारायचो, तशी मारली तर एकदा चालली, मग परत पट्ट्या. उघडू का?

प्रतिसाद २

अभिनंदन! पावतीचा फोटो नक्की काढून ठेवा, शाई उडते.

कॅसेट उघडू नका, फुंकरही मारू नका. तोंडाची वाफ पिनांवर बसते आणि त्या गंजतात. एकदा चालली ती काढून परत घातल्यामुळे. अल्कोहोलची कानकाडी पिनांवर उभी फिरवा, खालून वर. काडी काळी होईल. नवी घ्या, परत फिरवा. काडी पांढरी निघेपर्यंत करा, मग दहा मिनिटं वाळू द्या आणि लावा. तरी पट्ट्या आल्या तर पिनांचा जवळून फोटो टाका, बघू.