मदत हवी आहे: साथीच्या काळात हक्क आणि शेजारधर्म

प्रभूत सर्वांना सलाम. मी जालन्याची. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात पुढच्या रविवारी या विषयावर चर्चा आहे आणि ती मला घ्यायची आहे.

कोरोनात प्रभुभोजनाचा (उपासनेत सगळे मिळून भाकर व द्राक्षारस घेतात तो विधी) एकच प्याला बंद करून लहान पेले आणले, तेव्हापासून मंडळीत दोन तट आहेत. एक ज्येष्ठ काका म्हणतात, "देवावर भरवसा असेल तर लस कशाला?" तरुण म्हणतात, "शरीर माझं, निर्णय माझा." 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लशीची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. पण सार्वजनिक हितासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. ते कुणी सांगत नाही.

मला स्वतःला बायबलमधला 1 करिंथ अध्याय 10 जवळचा वाटतो: मोकळीक आहे, पण दुसऱ्याचं हित पाहा. 1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गात प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर रुग्णांसाठी शहरातच थांबले. औषध घ्या, विनाकारण संसर्ग पसरवू नका, असंही त्यांनी लिहिलं.

काकांना न दुखवता हे कसं मांडू? बायबलच्या लेवीय 13 मधलं, त्वचारोग झालेल्यांनी छावणीबाहेर राहणं इथे लागू होतं का? मराठीत यावर काही वाचायला असेल तर कृपया सांगा.