शब्दचर्चा : ‘रिमूव्हल’ला मराठीत काय म्हणायचं?

पोटमाळा :
एका अभ्यासमंडळासाठी अमेरिकेच्या इतिहासातलं एक प्रकरण मराठीत करतेय. काळ राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचा, म्हणजे १८२९ ते १८३७. त्यात ‘रिमूव्हल’ हा शब्द तीन वेगळ्या जागी येतो आणि तिन्ही जागी ठेच लागतेय. एक, जॅक्सनने सत्तेवर आल्यावर जुने सरकारी नोकर काढले ते. दोन, १८३३ साली ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या बँकेतल्या सरकारी ठेवी हलवल्या ते. तीन, १८३० चा ‘इंडियन रिमूव्हल ॲक्ट’, ज्याच्या आधारे चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक वगैरे मूळ अमेरिकी लोकांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला पाठवलं.

कोशात ‘काढून टाकणे, दूर करणे, स्थलांतर’ एवढंच आहे. पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त तिन्हीकडे ‘स्थलांतर’ घातलं. भावाने वाचून विचारलं, “ठेवींचं स्थलांतर? पक्षी आहेत का त्या?”

ट्रेझरीवाला :
नोकरांचं सोपं आहे. मी आयुष्यभर हेच कागद हाताळलेत. आपल्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळू शकते, बडतर्फ झालेल्याला सहसा दार बंद. जॅक्सनने काढलेल्यांपैकी बहुतेकांवर कसलाही आरोप सिद्ध झाला नव्हता, म्हणून ‘बडतर्फ’ नको. नुसतं ‘काढलं’ लिहा.

आडवाट :
काका, पण काढलं त्यापेक्षा भरलं कोणाला, ते जास्त महत्त्वाचं ना? त्याला इंग्रजीत ‘स्पॉइल्स सिस्टम’ म्हणतात आणि मराठी पुस्तकांत ‘लूटपद्धती’ वाचलंय. हे भाषांतर मला कधीच पटलं नाही. न्यूयॉर्कचा सिनेटर विल्यम मार्सी १८३२ साली सिनेटमध्ये म्हणाला होता की शत्रूची लूट जिंकणाऱ्याची, यात आमच्या लोकांना काही गैर दिसत नाही. उपमा लढाईतली. पण मराठीत ‘लूटपद्धती’ वाचल्यावर वाटतं, या लोकांनी तिजोरी फोडली. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे : वर्णी लावणे. “जॅक्सनने आपल्या कार्यकर्त्यांची टपाल आणि जकात खात्यात वर्णी लावली.” एकही पेपरवाचक अडखळणार नाही.

ट्रेझरीवाला :
वर्णी उत्तम. तिजोरीचं म्हणाल तर एकाने तीही रिकामी केली. सॅम्युएल स्वार्टवाउट, न्यूयॉर्क बंदराचा जकात अधिकारी, जॅक्सननेच नेमलेला. १८३८ मध्ये तो युरोपात पळाला, तेव्हा हिशेबात बारा लाख डॉलरांहून जास्त खड्डा होता. तिथे ‘लूट’ अगदी शब्दशः चालेल!

पण जॅक्सनची बाजूही लिहा. त्याचा शब्द होता ‘रोटेशन’. १८२९ च्या डिसेंबरात काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात त्याने मांडलं होतं की सरकारी कामं इतकी साधी आहेत की कोणताही समजदार माणूस ती करू शकतो, आणि एकाच खुर्चीत फार वर्षं बसलेला माणूस बिघडतो. याला ‘फेरपालट’ बरा. काढलेल्यांचं प्रमाणही दंतकथेइतकं नाही, आठ वर्षांत पाचातला एकही नाही. (खोगीरभरती किती झाली हा प्रश्न वेगळा. तीस वर्षं खोगीरभरती शेजारच्या टेबलावर बघितलीय, त्यामुळे मी तटस्थ नाही.)

पोटमाळा :
‘काढलं’, ‘वर्णी’, ‘फेरपालट’. घेतले तिन्ही. ठेवींचं काय? ‘ठेवी काढून घेतल्या’?

ट्रेझरीवाला :
नको. त्याने डोळ्यांसमोर येतं की फिलाडेल्फियाच्या बँकेतून रातोरात पेट्या बाहेर पडल्या. झालं असं की १ ऑक्टोबर १८३३ पासून सरकारने नवा महसूल त्या बँकेत भरणं थांबवलं आणि आधीची शिल्लक खर्चासाठी उचलत राहिले. आमच्या भाषेत : भरणा बंद केला, शिल्लक संपवली. नवा पैसा निवडक राज्य-बँकांकडे (म्हणजे राज्यांच्या परवान्यावर चालणाऱ्या बँकांकडे) वळवला.

आणि एक गंमत. हे करायला आधी अर्थमंत्री विल्यम ड्युएनला सांगितलं होतं. तो नाही म्हणाला. जॅक्सनने त्यालाच काढलं आणि रॉजर टॉनीला आणून काम करून घेतलं. म्हणजे ‘रिमूव्ह’ करत नाही म्हणून ‘रिमूव्ह’! हा श्लेष मराठीत येणार नाही, सोडून द्या.

आडवाट :
त्या राज्य-बँकांना विरोधक ‘पेट बँक्स’ म्हणायचे. कृपा करून ‘पाळीव बँका’ लिहू नका.

पोटमाळा :
लिहिलं होतं. खोडते. ‘लाडक्या बँका’?

आडवाट :
हल्ली त्या शब्दाला वेगळाच वास येतो, पण त्यामुळेच चपखल बसतो.

पोटमाळा :
आता तिसरा, खरा अडलेला. ‘इंडियन स्थलांतर कायदा’ असं शीर्षक दिलंय. अर्थ कळतो, पण काहीतरी खटकतंय.

कोयनाकाठ :
खटकणारच. स्थलांतर आपण होऊन करतात. बगळे करतात, ऊसतोडीची माणसं पोटासाठी करतात. आमचं जुनं गाव धरणात गेलं. आमच्या आजीच्या तोंडी ‘स्थलांतर’ कधी आलं नाही. ती म्हणायची, “आम्हाला उठवलं.” कागदावर मात्र ‘स्थलांतरित’, ‘पुनर्वसित’. ‘उठवलं’ म्हटलं की लगेच विचारता येतं, कुणी? ‘स्थलांतर झालं’ला तो प्रश्नच चिकटत नाही.

आडवाट :
मग ‘तडीपार’ का नको? तड म्हणजे काठ. नदीपार घालवणं हाच मूळ अर्थ, आणि इथे तर खरोखरच मिसिसिपी ओलांडायला लावली.

कोयनाकाठ :
तडीपार गुंडाला करतात हो. आणि त्याला मुदत असते, जास्तीत जास्त दोन वर्षं, मग तो परत येतो. यांना मुदत कुठली?

अटलांटाकर :
मी जॉर्जियात राहतो. चेरोकींची तेव्हाची राजधानी न्यू एकोटा माझ्या घरापासून उत्तरेला दीडेक तासावर आहे. तिथे छापखाना पुन्हा उभा केलाय. म्हणून ‘गुंड’ हा मुद्दा पुढे नेतो. सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी स्वतंत्र अक्षरमाला पुरी केली. तिच्यात एका चिन्हाला एक उच्चार. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली. १८२८ च्या फेब्रुवारीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र न्यू एकोटातच निघालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. ‘रानटी लोकांना आत सरकवलं’ असं जे चित्र डोक्यात असतं, ते इथे मोडतं.

त्यांच्या जमिनीत १८२९ च्या सुमारास सोनं निघालं. १८३२ मध्ये जॉर्जियाने ती जमीन गोऱ्या नागरिकांना वाटायला चक्क सोडत काढली. तेव्हा चेरोकी तिथेच राहत होते! त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत.

पोटमाळा :
सोडत! मी ‘लॉटरी’ लिहिलं होतं. म्हाडाच्या सोडतीची सवय असलेला वाचक ‘सोडत’ शब्दाने जास्त हादरेल. पण मग कायद्याला ‘हकालपट्टी कायदा’ म्हणू?

ट्रेझरीवाला :
कायद्याच्या नावाला हात लावू नये. सरकारने जे गोड नाव दिलं तेही पुराव्याचा भाग आहे. त्याचं लांबलचक शीर्षक बघा : इंडियन लोकांशी जमिनींची अदलाबदल करण्यासाठी आणि त्यांना मिसिसिपीच्या पश्चिमेला नेण्यासाठी कायदा. ‘अदलाबदल’! आणि त्यासाठी मंजूर रक्कम पाच लाख डॉलर. प्रतिनिधीगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा जेमतेम पार पडला. म्हणजे त्या गोड नावाला तेव्हाही बऱ्याच जणांनी भुलायचं नाकारलं होतं. माझं मत : शीर्षकात ‘स्थलांतर’ अवतरणचिन्हांत ठेवा, मजकुरात खरं क्रियापद वापरा.

आडवाट :
‘इंडियन’सुद्धा एकदा खुलासा करून मग सोडा. नाहीतर आठवीतला पोरगा विचारेल, आपल्याला कोणी हाकललं?

कोयनाकाठ :
ट्रेझरीकाकांशी सहमत. फक्त ‘उठवलं’ सगळीकडे वापरू नका, हे मीच सांगतो. आम्हाला उठवलं तेव्हा दारात बंदुका नव्हत्या. १८३८ मध्ये होत्या ना?

अटलांटाकर :
होत्या. १८३५ मध्ये न्यू एकोटाला मूठभर लोकांनी सही करून तह केला. प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी विरोधात होते, हजारो सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला. तरी सिनेटने तो तह मंजूर केला, लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमतापेक्षा जेमतेम एक मत जास्त मिळून. १८३८ च्या मे महिन्यात जनरल विनफील्ड स्कॉटच्या सैनिकांनी माणसं घराघरांतून काढून लाकडी कुंपणांच्या छावण्यांत कोंडली. सुमारे सोळा हजार लोक. छावण्यांत आणि वाटेत मिळून चार हजारांच्या आसपास मेले असं सहसा सांगितलं जातं.

पोटमाळा :
शेवटचा परिच्छेद असा केलाय : “१८३० च्या ‘स्थलांतर’ कायद्याने जमिनींच्या अदलाबदलीची भाषा केली. आठ वर्षांनी सैनिकांनी चेरोकींना घरांतून हुसकून छावण्यांत कोंडलं. त्यानंतर ते पश्चिमेला गेले.”

कोयनाकाठ :
शेवटचं ‘गेले’ खोडा. ‘नेले’ करा.

अटलांटाकर :
सगळ्यांसाठी नाही चालणार. उन्हाळ्यात निघालेल्या पहिल्या तुकड्या लष्कराने नेल्या. उष्म्याने आणि रोगाने इतके हाल झाले की उरलेल्यांचा प्रवास उन्हाळा सरेपर्यंत पुढे ढकलला, आणि तो रॉसच्याच माणसांच्या देखरेखीखाली झाला.

कोयनाकाठ :
मग पहिल्यांना ‘नेलं’, आणि बाकीच्यांना ‘जावं लागलं’.