‘अंडरटेल’ आईबाबांना कसा समजवायचा?

रानपाखरू:
गेम म्हटलं की आईबाबांच्या डोळ्यांसमोर बंदुका येतात. गोष्ट सांगणारे आणि निर्णय आपल्यावर सोडणारे गेमही असतात, हे त्यांच्या गावी नसतं. त्यांना लेव्हल, बॉस, ग्राफिक्स असलं काही सांगत बसू नका. ‘अंडरटेल’चा सुरुवातीचा भाग त्यांच्यासोबत खेळा आणि निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

टोबी फॉक्सने जवळपास एकट्याने केलेला हा 2015 चा गेम. एक लहान मूल राक्षसांच्या भुयारी जगात पडतं. टोरिएल नावाची राक्षसीण त्याला घरी नेते, दालचिनी घालून गोडधोड करते. मूल निघायचं म्हणालं की मात्र दार अडवते. समोर लढायचं बटण असतं आणि दयेचंही. दया पुन्हा पुन्हा दाखवावी लागते, ती बराच वेळ बधत नाही. अनेकजण धीर सोडतात आणि तिला मारतात. मग जीव हळहळतो, जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडून ते तिला सोडतात. त्यानंतर फ्लावी नावाचं फूल तोंडावर सांगतं की तू आधी तिला मारलं होतंस, मला ठाऊक आहे.

इतकं पाहिल्यावर कुठलीही आई विचारेल, “मग तू काय केलंस?” मला तो प्रश्न हवा आहे.

कृष्णाकाठ:
असहमत. पालक नीतीपायी नाही म्हणतच नाहीत. डोळे, झोप आणि दहावी, एवढ्यासाठी म्हणतात. त्यावर तुमच्याकडे उत्तर नाही.

दुसरं म्हणजे, या गेममधली सगळ्यात गाजलेली लढाई सॅन्स नावाच्या सांगाड्याशी होणारी. ती कधी वाट्याला येते? दिसेल त्या प्रत्येकाला शोधून शोधून मारलं तरच. मुलं यूट्यूबवर तीच बघतात आणि तिच्यासाठीच तो मार्ग धरतात. दयेचा उपदेश करायचा आणि सगळ्यात चमचमीत ताट कत्तलीच्या वाटेवर मांडायचं, याला मी नैतिक निवड म्हणणार नाही.

रानपाखरू:
वेळेचा मुद्दा मान्य, पण हा संपणारा गेम आहे. एक फेरी साधारण सहा-सात तासांची. रोज हजेरी लावायला लावणाऱ्या मोबाइल गेमांशी त्याची तुलना नको.

सॅन्सबद्दल मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्या वाटेवर गावं ओस पडतात, दुकानात विकायला माणूस उरत नाही. तुम्ही हे करताय ते फक्त करता येतं म्हणून, असं खुद्द सॅन्सच सुनावतो. ती वाट शेवटपर्यंत गेलात तर नंतरच्या फेरीतला सुखान्तही डागाळतो, आणि नव्याने सुरुवात केली तरी तो डाग जात नाही. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला मला कृतीचं असं ओझं कधी जाणवलं नव्हतं.

सईची आई:
मी लेकीसोबत बसले होते. लढाईत आपल्या जागी असणारं लाल हृदय गोळ्यांमधून वाचवणं मला जमेना, म्हणून बोटं तिची आणि निर्णय माझा असं ठरवलं. संवाद इंग्रजीत आहेत, ते ती मराठीत सांगत गेली. सांगताना कोणाची बाजू घेते ते आपोआप कळलं. टोरिएलला मारायचं नाही यावर आमचं एकमत झालं. पण तिला एकटं टाकून जायचं का, यावर जेवण होईपर्यंत वाद चालला. मुलीला दार उघडून द्यावं लागतं, हे मला त्या वेळी मान्यच नव्हतं.

कृष्णाकाठ:
सईची आई, हे तुमच्या घरी झालं कारण तुम्ही शेजारी बसलात. गोष्टीचं पुस्तक घेऊन बसला असतात तरी झालं असतं. श्रेय गेमला देऊ नका.

रानपाखरू:
पुस्तकातली टोरिएल वाचणार की मरणार हे लेखकाने ठरवलेलं असतं. इथे ते सईने आणि आईने मिळून ठरवलं, बटण सईने दाबलं, म्हणून आईशी वाद घालताना तिला स्वतःच्या कृतीची बाजू मांडावी लागली. सईच्या आई, अजून अर्धा गेम बाकी असेल तर राक्षसांचा राजा अस्गोर याच्यापर्यंत नक्की जा. तिथे तो लढाई सुरू करताना दयेचं बटणच फोडून टाकतो. त्या वेळी काय ठरवलंत ते इथे लिहा.