आंबुशीची पिवळी फुले कच्ची खावीत का?

प्रश्न (कुंडीवाली, नाशिक)
आमच्या गंगापूर रस्त्यावरील घराच्या कुंड्यांत पावसाळा सुरू झाल्यापासून आंबुशी पसरली आहे. सासूबाई तिचा पाला तुरीच्या डाळीत घालतात. मला तिची पिवळी फुले कोशिंबिरीवर कच्चीच घालायची आहेत. शेजारच्या कुंडीत तशाच तीन पानांची, पण गुलाबी फुलांची वनस्पती आली आहे. तीही आंबुशीच समजावी का? शिवाय दिंडोरीजवळ नातेवाइकांच्या द्राक्षबागेच्या बांधावर आंबुशी भरपूर आहे. ती आणली तर चालेल का?

प्रतिसाद (रानवाट)
गुलाबी फुलांची वनस्पती आंबुशीच्याच कुळातली, परंतु अमेरिका खंडातून इकडे आलेली आहे. तिची पाने मोठी असतात, जमिनीवर सरपटणारे खोड नसते आणि माती उकरल्यास बारीक कंद सापडतात. आपली आंबुशी जमिनीलगत पसरत पेरापेराला मुळे धरते, तिची पाच पाकळ्यांची फुले उन्हात उमलून संध्याकाळी मिटतात, आणि फुलामागून धरणारी उभी, पाच कंगोऱ्यांची शेंग पिकल्यावर बोट लागताच फुटून बिया उडवते. मला ही शेवटची खूण सर्वांत खात्रीची वाटते. चरकसंहितेतील चांगेरी घृत या औषधी तुपातली चांगेरी ती हीच. सगळी फुले आणि पाला मात्र ओरबाडू नये, कारण गवतावर दिसणाऱ्या काही चिमुकल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या हिच्यावर वाढतात.

प्रतिसाद (फोडणी)
फुले खुशाल घालावीत, पण मूठभर नव्हे. आंबुशीचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा असल्याने मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी. काकडीच्या कोशिंबिरीत दही असेल तर उत्तम, कारण दह्यातील कॅल्शियम या आम्लाला आतड्यातच बांधून ठेवते. पाल्याची डाळ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवू नये.

प्रतिसाद (द्राक्षबागायतदार)
बांधावरची आंबुशी अजिबात आणू नये. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झाली, की डाऊनी आणि भुरी हे बुरशीजन्य रोग रोखण्यासाठी फवारण्यांचा सपाटा सुरू होतो आणि ब्लोअरचा (पंख्याच्या फवारणी यंत्राचा) फवारा बांधापर्यंत सहज पोहोचतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरही (नव्या काड्यांसाठीची छाटणी) फवारण्या बंद होत नाहीत. द्राक्षे काढण्यापूर्वी औषधानुसार ठरावीक दिवस थांबण्याचा नियम आम्ही पाळतो, पण बांधावरच्या तणासाठी तो कोणी मोजत नाही. त्यातच काही औषधे झाडाच्या आत भिनणारी असतात, ती धुऊन जात नाहीत. आपल्या कुंड्यांतील गुलाबावर कीटकनाशक मारले असेल, तर त्याखालच्या आंबुशीलाही हेच लागू आहे.